पप्पांचे विलायती तत्त्वज्ञ आणि आईचा हंगामाचा सण

आमच्या घरात देवाचा विषय निघाला की आई स्वयंपाकघरात जायची आणि पप्पा चष्मा पुसायला घ्यायचे. भांडण असं कधी झालं नाही. आई दर रविवारी देवळात जायची. आमच्या नेवाशाकडच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात. पप्पा तिला देवळाच्या फाटकापर्यंत सोडायचे, घरी येऊन पेपर वाचायचे आणि उपासना सुटायच्या वेळेला पुन्हा फाटकाशी हजर व्हायचे. पाळकाचा मुलगा, आणि बाहेरच्या बाहेर परततो, याची लोकांनी आधी भरपूर चर्चा केली आणि मग सवय करून घेतली. मला मात्र ती सवय कधी लागली नाही. मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन माणसं एकमेकांना इतकं सांभाळून घेतात की मधल्या दुखण्याला कुणी हातच लावत नाही, हे मला बघवत नाही.

पप्पा नगरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा जीव जडला होता ब्रिटिश चिद्वादावर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत काही प्राध्यापक होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं, की जग म्हणजे सुट्या वस्तूंचा ढीग नाही. प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींशी असलेल्या नात्यांनी बनते, आणि ही सगळी नाती मिळून जे एक अखंड होतं त्याची जात चैतन्याची आहे, दगडधोंड्याची नाही. कॉलेजात या पेपरला जेमतेम बाकभर पोरं बसायची. पुढे पेपर गेला, मग विभागही गेला. शनिवार-रविवारपुरते येणारे पप्पा निवृत्त होऊन प्रवरेकाठच्या आमच्या घरी कायमचे राहायला आले तेव्हा त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. शिकवायला सुट्टीत मी होतेच.

मी नगरला शाळेत भूगोल शिकवते, सुट्टी लागली की गावी येते. जेवताना पप्पा विचारायचे, "प्रवरा कुठं संपते आणि गोदावरी कुठं सुरू होते?"

"टोक्याला, संगमावर."

"मग टोक्याला जाऊन पाण्यावर रेघ मारून ये बरं. इकडची प्रवरा, तिकडची गोदावरी." आणि मग घास हातातच ठेवून सुरू व्हायचे. माणसाचंही तसंच असतं, एकटा, सुटा माणूस फक्त पुस्तकात सापडतो. तू कुणाची तरी लेक, कुणाची शेजारीण, कुठल्या तरी वर्गाची बाई. हे सगळं काढून घेतलं तर मागे काय उरेल?

"डोकेदुखी," मी म्हणायचे आणि माझं ताट उचलायचे. आई पदराआड हसायची. तिला या तत्त्वज्ञांची नावं माहीत नव्हती, पण त्यांना ती 'तुमचे साहेब लोक' म्हणायची आणि घरी आलेल्या पाहुण्यांसारखं त्यांना खपवून घ्यायची.

एकदा मात्र मी पप्पांशी कडाडून भांडले होते. तेव्हा मी बी.ए.ला होते. नीतीचा विषय चालला होता. पप्पा म्हणाले, यांच्यातला एक जण आपल्या पुस्तकात म्हणतो, चांगलं वागणं म्हणजे सुखाची बेरीज करणं नव्हे, आणि नियमासाठी नियम पाळणंही नव्हे. समाजात तुझी जी जागा आहे त्या जागेचं काम मनापासून करशील, त्यात तुझी तुला ओळख पटेल. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आपल्या पणजोबांना गावानं जागा दिली होती ना? वेशीबाहेरची. काम दिलं होतं, मेलेली ढोरं ओढायचं. त्यातच ओळख पटवून घ्यायची का त्यांनी? तुमच्या साहेबानं बघितली होती का असली जागा?"

मला वाटलं, आता रागावतील. ते खुर्चीतून उठलेच. "शाब्बास! आता पुढचं प्रकरण."

पुढच्या प्रकरणात म्हणे तो तत्त्वज्ञ स्वतःच कबूल करतो की एवढ्यानं भागत नाही. समाजच आजारी असू शकतो, दिलेली जागाच अन्यायाची असू शकते, आणि माणसातलं चांगलं हे कुठल्याही जागेत पुरतं मावत नाही. ते सतत बाहेर यायला बघतं. पप्पा म्हणाले, "पणजोबा ढोर टाकून देऊन मिशनच्या शाळेच्या ओट्यावर चढले ना, ते हे पुढचं प्रकरण. त्यांनी ते वाचलं नव्हतं एवढंच." मी एवढ्यानं थोडीच गप्प बसणार होते. हेच साहेब सर्वांच्या हिताबद्दल पानंच्या पानं लिहीत होते तेव्हा त्यांचे भाऊबंद आपल्या डोक्यावर बसले होते, हेही सुनावलं. "खरं आहे," पप्पा म्हणाले. "विचार करणं सोपं असतं, त्याच्याएवढं होणं फार जड जातं." मग आम्ही चहा घेतला. त्या दिवशी मला माझे वडील फार आवडले.

आता ते देवळात का जात नसत, ते सांगायला हवं. हे तत्त्वज्ञ बहुतेक पाळकांची मुलं होती, पप्पांसारखीच. त्यांच्या काळात पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, इतिहास तपासायला सुरुवात झाली आणि चमत्कार एकेक करून डळमळायला लागले. तेव्हा काहींनी धर्मच सोडला. या लोकांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, देव वर सिंहासनावर बसलेला कुणी राजा नाही. आपल्यातलं जे चांगलं अजून पुरं झालेलं नाही, ज्याच्याकडे आपण ओढले जातो, तिथं त्याला शोधा. वधस्तंभावर जे घडलं ते फार पूर्वी एकदा घडून संपलेलं नाही. माणसाचा मीपणा मरतो आणि तो खऱ्या अर्थानं जगायला लागतो, तेव्हा ते पुन्हा घडतं, कुणाच्याही घरात घडतं. श्रद्धा म्हणजे विधानांच्या यादीखाली सही करणं नाही, आपली इच्छा चांगल्याच्या हवाली करणं आहे. यातले काही जण नुसते लिहीत बसले नाहीत. कामगारांना शिकवायला गेले, नगरपालिकेत बसले, गरीब वस्त्यांत राहायला गेले. शाळा, नगरपालिका, घर हीच त्यांची उपासना झाली. विशीत असताना हे वाचलं आणि आपण देवाला गमावलेलं नाही असं वाटून रडू आलं, असं पप्पांनी मला एकदा सांगितलं होतं.

पण उपासनेत एक जागा अशी येते की सगळी मंडळी उभी राहते आणि विश्वासांगीकार म्हणते. मी हे मानतो, मी ते मानतो, असं एकेक कलम. कुमारीच्या पोटचा जन्म, तिसऱ्या दिवशी कबरेतून उठणं, सगळं त्यात आलं. पप्पा तिथं अडले. पाळक असलेल्या त्यांच्या वडिलांच्या शेजारी उभे असतानाच एका रविवारी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि त्यानंतर ते आत गेले नाहीत. "जे मला पटत नाही ते मी म्हणू कसं? निदान देवासमोर तरी खोटं बोलू नये."

"ज्या देवाला तुम्ही मानत नाही त्याच्यासमोर खोटं बोलायची एवढी भीती?" मी विचारायचे.

"मानत नाही असं कुठं म्हणालो?" एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागायचे.

वर्षातून एकदा मात्र पप्पा फाटकाच्या आत यायचे. हंगामाच्या सणाला. बाजरी निघाली की एका रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परड्यातलं काही ना काही देवापुढे आणून ठेवतं. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असा पसारा पडतो, आणि उपदेश ऐन रंगात आला की एखादा कोंबडा हमखास ओरडतो. उपासना संपली की अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो. आपल्या घरची वस्तू आपण घ्यायची नाही, अशी पद्धत आहे. पप्पा ती दर वर्षी मोडायचे. आईनं दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी पुकारली की मागून त्यांचा हात वर. लोकांना हे पाठ झालेलं, त्यामुळे मुद्दाम बोली चढवायचे. सगळ्यांत खोडकर आमच्या शेजारचे चाचा. ते निवृत्त एसटी कंडक्टर, नमाजी माणूस, पण लिलावाला न चुकता हजर. "प्रोफेसरसाहेब, आज आमीबी लोणचंच खाणार," असं म्हणून ते पप्पांना घाम फोडायचे आणि अगदी शेवटी सोडून द्यायचे. पप्पा म्हणायचे, संस्कृती म्हणजे दुसरं काय, माणसांचं मन बाहेर अंगणात मांडलेलं. तेव्हा ते खरोखर खूश असायचे. आणि मी दर वर्षी मनात म्हणायचे, अंगणात मांडलेलं चालतं, मग दहा पावलं आत मांडलेलं का चालत नाही?

गेल्या वर्षी आईच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. पुण्याला ऑपरेशन ठरलं, हंगामाच्या सणानंतरच्या आठवड्यात. ते ऑपरेशन नीट झालं आणि आई आत्ता माझ्यासमोर लसूण सोलते आहे, तेव्हा कुणी उगाच धास्ती घेऊ नये. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आमच्या अंगणातली लिंबं उतरवायचं काम चाललं होतं. मी शिडीवर होते, पप्पा खाली टोपली धरून उभे होते. आई पडलेली लिंबं वेचता वेचता, वर न बघता म्हणाली, "अहो, औंदाच्या सणाला आत याल का? माज्याबरुबर प्रभुभोजन घ्यायला. आप्रेशनच्या आदी येकदा."

उभ्या संसारात तिनं हे कधी विचारलं नव्हतं. पप्पांनी टोपली खाली ठेवली. "बघतो," ते म्हणाले.

"बगा. जबरदस्ती न्हाई," असं म्हणून आई आत गेली.

मी उतरून तिच्या मागोमाग गेले. ऑपरेशनची भीती वाटते का, असं विचारलं. तर ती म्हणाली, "कापाकापीचं काय न्हाई गं. पन म्येल्यावर समदी मानसं देवाच्या मेजाला बसत्यात म्हनं. तुजे पप्पा तिथंबी भायेरच हुबे ऱ्हातील. मला येकटीला न्हाई बसायचं तिथं." हे तिनं गव्हातले खडे निवडता निवडता सांगितलं. इतक्या वर्षांत ती दर रविवारी एकटी आत जात होती, ते काय मनात घेऊन जात होती, ते मला त्या दिवशी कळलं.

गावात कुठली गोष्ट लपून राहते? दोन दिवसांत आमचे नवे पाळक मोटरसायकलवरून आले. पोरसवदा, उत्साही माणूस. त्यांना वाटलं, शंका बुद्धीची आहे तर तिचं निरसनही बुद्धीनंच करावं. देवाच्या अस्तित्वाचे पुरावे त्यांनी मोबाईलमध्ये व्यवस्थित उतरवून आणले होते. घड्याळ आहे म्हणजे घड्याळ करणारा असलाच पाहिजे, इथून सुरुवात झाली. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती की असल्या पुराव्यांची चिरफाड करण्यात पप्पांची सगळी हयात गेली होती. पप्पांचे डोळे चमकले. त्यांनी चहा मागवला, पुन्हा मागवला आणि एकेक पुरावा अगदी प्रेमानं सुटा करून ठेवला. "पाळकसाहेब, जगाच्या बाहेर बसून घड्याळं जुळवणारा देव सिद्ध झाला तरी त्याच्यापुढे गुडघे कोण टेकणार? तो कारागीर झाला. माझ्या आत ज्याची ओढ आहे, त्याच्याबद्दल बोला." पाळकसाहेब हरले, पण खूश होऊन गेले. जाताना आईनं त्यांना पिशवीभर लिंबं दिली. लिंबं देताना तिनं पप्पांकडे एकदाही पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. "पप्पा, देव आहे की नाही असं तिनं विचारलं होतं का? शेजारी याल का, एवढंच विचारलं होतं ना?"

"तेच अवघड आहे," ते म्हणाले. "आत जाऊन गप्प राहिलो तर सगळ्यांसमोर तिचा अपमान. बोललो तर मी खोटा. या वयात काय उरलंय माझ्याकडे? एवढा खरेपणा तेवढा उरलाय."

मग आई गहू निवडताना काय म्हणाली ते मी त्यांना सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. पप्पांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. ते अंगणात गेले आणि बराच वेळ लिंबाच्या आळ्यांना पाणी घालत राहिले, आदल्याच दिवशी भरपूर पाणी दिलेलं असताना.

सणाच्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी नेसली. पप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, पण तो ते लिलावासाठी दर वर्षीच घालायचे, तेव्हा त्यावरून काही ठरवता येईना. आम्ही तिघं चालत निघालो. फाटकाशी पप्पा थांबले. आई थांबली नाही, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. मला तिचा राग आला, एकदा हात तरी धरायचा त्यांचा! पण आई ती आईच. विचारून झालं होतं, आता ओढायचं नाही. मी दोघांच्या मधोमध उभी राहून काय करावं या विचारात होते, तेवढ्यात पप्पा माझ्या बाजूनं पुढे गेले, पायरीवर चपला काढल्या आणि आत शिरले.

आमच्या देवळात पुरुष एका बाजूला बसतात आणि बायका दुसऱ्या. पाळकाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण पप्पा सरळ बायकांच्या बाजूला आले आणि सतरंजीवर आईला खेटून, गुडघे सांभाळत खाली बसले. बायकांत खसखस पिकली. आई लाजून लाल झाली. "अहो, ही बायांची बाजू हाय."

"तू शेजारी म्हणाली होतीस," पप्पा म्हणाले.

पाळकसाहेबांनी वेदीवरून पाहिलं, आणि शहाणा माणूस, त्यांनी लगेच गायनाचा नंबर पुकारला. पेटी, तबला सुरू झाला. पप्पा गायले. गायनं त्यांना सगळी पाठ होती. अभंगाच्या चालीवरची ती गायनं ते घरीही गुणगुणायचे. कोंबडा त्याच्या वेळेला ओरडला. मला वाटायला लागलं, झालं, पार पडलं. आणि मग पाळकसाहेब म्हणाले, आपण उभे राहून आपला विश्वास कबूल करू या.

सगळे उठले. मी पप्पांना हात देऊन उठवलं आणि दोघांच्या मागे उभी राहिले. मंडळीनं सुरुवात केली. पप्पांचे ओठ मिटलेले होते, मान ताठ. ते होणारच होतं. पण काहीतरी आणखी चुकत होतं, आणि काय चुकतंय ते माझ्या लगेच ध्यानात येईना. मग आलं. आईचा आवाज नव्हता. आमच्या देवळात विश्वासांगीकार आईच्या आवाजामागून चालतो, ती सगळ्यांच्या थोडी पुढे असते. त्या दिवशी मंडळी चाचपडत होती. आई समोर बघत, तोंड घट्ट मिटून उभी होती.

पप्पांनी मान वळवली. "म्हण ना," ते हळूच म्हणाले.

आईनं मान हलवली. "तुमी न्हाई, तर मीबी न्हाई."

पप्पांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. इतका घाबरलेला मी तो कधी पाहिला नव्हता. ज्या बाईनं आयुष्यात एकही रविवार चुकवला नाही, जी आठवड्याभरात टेबलावर झोपून छाती उघडून घेणार होती, ती त्यांच्यासाठी आपलं सगळ्यांत मोलाचं बाजूला ठेवून उभी होती. मंडळी तोपर्यंत तिसऱ्या दिवसाच्या कलमापाशी पोचली होती. नेमक्या त्याच कलमाला पप्पांनी तोंड उघडलं. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जावा असा तो जुना मास्तरी आवाज, आता फाटलेला, सगळ्या देवळाला ऐकू गेला. आईनं एक ओळ नुसती ऐकली. मग तिनं आपला आवाज त्यात घातला आणि मंडळी पुन्हा ताळ्यावर आली. मी मागे उभी राहून हमसून रडत होते आणि कलमं माझ्याच्यानं म्हणवत नव्हती.

पुढे ती दोघं वेदीपाशी गेली, शेजारी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजनाची भाकर खाल्ली, द्राक्षरस घेतला. उठताना दोघांनाही हात द्यावा लागला.

बाहेर पायरीवर पप्पा चपला शोधत होते. अंगणात लिलावाची हाकाटी सुरू झाली होती. माझा स्वभाव नडला, मी विचारलंच, "मग पप्पा, खोटं बोललात?"

त्यांनी दुसऱ्या चपलेत पाय घातला. "माझ्यापायी ती तिचा देव सोडून उभी होती," ते म्हणाले. "आणि मी माझा खरेपणा कवटाळून बसलो असतो, तर मग मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं काय?"

आई पायरीच्या खाली पोचली होती. तिथूनच तिनं वर पाहिलं.

"म्या कुठं सोडला हुता त्याला?" ती म्हणाली. "म्या त्याला म्हनलं, जरा दम धर, ह्ये येत्यात."